मुलीसोबत लातूरला खोली करून राहिले, ते चुकलं असं आता वाटतं

गुरुजीण (धागाकर्ती):

मुलगी नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती, म्हणून जून २०२३ पासून मे २०२५ पर्यंत मी तिच्यासोबत लातूरला राहिले. मी प्राथमिक शिक्षिका. बालसंगोपन रजा तुकड्यातुकड्यांनी संपवली, मग बिनपगारी काढली. नवरा आणि सासूबाई गावी. आमच्या गल्लीत घराघराच्या वरच्या मजल्यावर अशीच एक आई आणि एक लेकरू राहत होतं. मेसचं खावं लागणार नाही, आजारी पडली तर कुणीतरी जवळ असेल, एवढा साधा विचार करून निघाले होते. यंदा जे आईवडील बोजाबिस्तारा बांधायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

खोली एकच. ती टेबलाशी, मी कॉटवर. तिने पान उलटलं की मला ऐकू यायचं, आणि बराच वेळ उलटलं नाही तरी कळायचं. मी बोलायचे नाही काही. पण मला कळलंय हे तिला कळायचं. रविवारच्या टेस्टचे मार्क क्लासमधून पालकांच्या मोबाइलवर येत, म्हणजे तिच्याआधी माझ्याकडे. ती जिना चढून येईपर्यंत मी चेहरा सावरून बसायचे. दारात चप्पल काढता काढता ती आधी माझ्याकडे बघायची आणि मग मोबाइल मागायची.

२०२५ च्या नीटचं फिजिक्स भल्याभल्यांना जड गेलं, तसं तिलाही. १४ जूनला निकाल लागला. पात्र ठरली, पण सरकारी कॉलेज तिच्या मार्कांपासून फार लांब होतं. खोली रिकामी करताना तिची बायोलॉजीची वही हातातून पडली आणि शेवटचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, ‘आई बिनपगारी’. खाली महिन्याला एक अशा काड्या ओढलेल्या. चौदा होत्या. पगार बंद आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत झालंय, की आईने किंवा बापाने घरदार सोडून मुलासोबत जाऊन राहू नये. अभ्यासाचं ओझं मुलं उचलतात. आपण त्यावर आपली रजा, आपला पगार, आपलं मोडलेलं घर ठेवतो, आणि तेही ती मुकाट उचलतात. मुलगी आता घरूनच रिपीट करतेय. ज्यांना माझं पटत नसेल त्यांनी अवश्य लिहा.

मुखेडचा बाप:

ताई, वहीचं वाचून पोटात कालवलं. पण तुमचा निष्कर्ष मला पटत नाही.

मी दोन्ही करून बघितलंय. थोरल्याला हॉस्टेलात ठेवला. एका खोलीत चौघं. फोन केला की ‘चालू आहे अभ्यास’. चार महिने पोरगं क्लासला जातच नव्हतं, आणि आम्हाला कळलं ते फीचा दुसरा हप्ता भरायला गेलो तेव्हा. दिवसभर खोलीत पांघरूण घेऊन पडून राहायचा. त्याला ओरडलो, ते आजही मनाला लागतं, कारण लेकरू आळशी नव्हतं, खचलं होतं. ते ओळखायला जवळ माणूस पाहिजे होतं.

धाकटीच्या वेळी तिची आई सोबत गेली. मी इकडं शेत आणि म्हातारी सांभाळली. धाकटी आज सरकारी कॉलेजात एमबीबीएसला आहे. आमच्या घरात डॉक्टर तर सोडाच, कंपाउंडरसुद्धा झाला नव्हता. शहरातल्या डॉक्टरांच्या मुलांना घरातच सगळं कळतं, कोणता फॉर्म, प्रवेशाचा कोणता राउंड. आमच्या लेकराला निदान आई तरी असू द्या. सरकारीत वर्षाला लाख-दीड लाखात भागतं, खाजगीत त्याच्या कितीतरी पट लागतं. आमच्यासारख्याला दुसरी वाटच नाही. मग त्या एका वाटेवर पोरीला एकटं कसं सोडायचं?

एकदा रिपीटर:

मी आता सेकंड एमबीबीएसला आहे. बारावीनंतर दोन वर्षं रिपीट केलं, दोन्ही वर्षं हॉस्टेलात. मी गुरुजीण काकूंच्या बाजूने आहे, पण थोडा वेगळ्या कारणासाठी.

माझे बाबा दर रविवारी रात्री फोन करायचे आणि मार्क विचारायचे नाहीत. म्हैस व्यायली, बोअरचं पाणी खाली गेलं, आजीने डोळ्याचं ऑपरेशन करायला नकार दिला, असलं काहीबाही सांगायचे. पहिल्या वर्षी मला राग यायचा, की यांना काही पडलेलंच नाही. दुसऱ्या वर्षी कळलं की आठवड्यातली ती दहा मिनिटंच अशी आहेत जिथे मी नीटचा उमेदवार नाही. बाबा लातूरला येऊन राहिले असते तर म्हशीच्या गोष्टी संपल्या असत्या, आणि फक्त मी उरलो असतो.

अजून एक. आईवडील एकूण मार्क बघतात, ७२० पैकी किती. खरं दुखणं त्यात दिसतच नाही. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. म्हणजे येणारा प्रश्न घाईत चुकला की प्रत्यक्षात पाच मार्कांचा फटका. पहिल्या दोन वर्षांत मी सोडलेले प्रश्न थोडे आणि चुकवलेले भरपूर, कारण उत्तरपत्रिकेत कोरे गोल ठेवायची भीती वाटायची. एकूण आकडा कमी दिसेल, घरी काय वाटेल! ही भीती गेली त्या वर्षी माझा नंबर लागला. त्या वर्षी मी जास्त तास अभ्यास केला असं अजिबात नाही.

तिसरी आई:

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाहीये. रजा आईनेच का काढायची? मुखेडच्या दादांनी शेत सांभाळलं हे मान्य. पण माझ्या ओळखीत अशा पाच बायका आहेत ज्यांनी मुलासाठी नोकरी सोडली, आणि बाप एकही नाही. मुलाचा नंबर लागला तर क्लासच्या बॅनरवर मुलाचा फोटो. नाही लागला तर ‘ही तिथे राहून करत काय होती?’ हे मी स्वतः माझ्या दिराच्या तोंडून ऐकलंय.

मुखेडचा बाप:

तिसरी आई, तुमचं खरं आहे. माझ्या बायकोलाही ते ऐकावं लागलं असतं. पोरीचा नंबर लागला म्हणून वाचली.

फिजिक्सवाले सर:

वीस वर्षं या क्षेत्रात शिकवतोय, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. मला वाटतं आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतोय. आई खोलीत आहे की गावी, यापेक्षा तिला काय माहीत आहे आणि ती त्या माहितीचं काय करते हे महत्त्वाचं.

बऱ्याच पालकांना ‘पात्र’ या शब्दाचाच अर्थ माहीत नसतो. २०२५ ला साधारण बावीस लाख मुलांनी परीक्षा दिली, बारा लाखांवर पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्याही सरकारी आणि खाजगी मिळून. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ जणांना जागा मिळणारच नाही. हे गणित आईबापांनी अकरावीच्या आधी समजून घेतलं असेल तर निकालाच्या दिवशी घरात सुतक पडत नाही. मी दरवर्षी पहिल्या पालकसभेत हे फळ्यावर लिहितो. काही पालक नाराज होतात, सर मुलांचा उत्साह घालवतात म्हणतात. मी लिहायचं थांबवलेलं नाही.

आणि पालकांनी क्लासला धारेवर धरावं, मुलाला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्यात. नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं ते. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत, असं त्यात स्वच्छ आहे. फी भरताना ‘समुपदेशक कोण, कुठे बसतो, मुलाला एकट्याला भेटता येतं का’ हे विचारणारा पालक मला वर्षाला एखादा भेटतो. टॉपर बॅच कोणती, हे सगळे विचारतात.

गुरुजीणबाई, तुमच्या बाबतीत मला खटकतं ते हे, की मार्कांचा मेसेज तुमच्याकडे आधी येत होता. तो मुलीच्या नंबरवर वळवता आला असता. तुम्ही तिथे असणं ही अडचण नव्हतीच.

दाखले:

तहसील कार्यालयात आयुष्य गेलं, म्हणून माझ्या खिडकीतून जे दिसलं तेच सांगतो. जूनमध्ये जी गर्दी व्हायची त्यातल्या निम्म्या पालकांनी दोन वर्षं पोराला बदाम चारले होते आणि नॉन-क्रीमी लेअरचा दाखला काढला नव्हता.

आईबापांनी अभ्यासात लुडबुड करू नये असं वाटत असेल तर त्यांना हे काम द्या, पुरून उरेल. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका. पडताळणी समितीत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून त्रुटी निघाली की महिने जातात. नॉन-क्रीमी लेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, जुनं चालत नाही. अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून यायचं तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून हवी. बाहेरच्या राज्यात कोचिंगला जाऊन तिथेच बारावीला नाव घालणारे इथे अडकतात, आणि तो निर्णय पोराचा नसतो, बापाचा असतो. मुलींसाठी २०२४ पासून शिक्षण शुल्काची शंभर टक्के सवलत आहे, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस, उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली.

एका मुलीचा दाखला मुदतीनंतर दोन दिवसांनी आला. मार्क होते, पण ती खुल्या गटात धरली गेली आणि राउंड हुकला. बाप माझ्या खिडकीसमोर खाली बसला. तो दोन वर्षं रोज पहाटे चारला उठून तिला चहा करून देत होता, असं सांगत होता.

मनाची डॉक्टर:

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मुखेडच्या दादांनी थोरल्याबद्दल जे लिहिलं, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहणं, ते पुन्हा वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडली, जेवण तुटलं, मित्र सुटले, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलणं सुरू झालं, तर तिथे आई जाऊन राहावी की नाही ही चर्चा संपते. त्या दिवशी निघायचं, आणि परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

गुरुजीण, वहीतल्या काड्यांबद्दल तुम्ही मुलीशी बोललात का?

गुरुजीण (धागाकर्ती):

बोलले. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लागले मला. पान दाखवलं तर ती म्हणाली, ‘तू खोटं बोलतेस हे मला माहीत होतं, म्हणून मीच मोजत होते.’ मी पगाराची स्लिप, पतपेढीचं कर्ज, सगळं तिच्यासमोर ठेवलं. तिला वाटत होतं त्याच्या निम्म्यानेही नुकसान नव्हतं. मनात तिने घर गहाण पडलेलं धरलं होतं.

सर, तुमचं मेसेजबद्दलचं पटलं. इथल्या टेस्ट सिरीजला आता तिचाच नंबर दिलाय. पण एका खोलीत राहून मी न बघितल्यासारखं करू शकले असते असं मला नाही वाटत. काही आयांना जमत असेल. मुखेडच्या वहिनींना जमलं असावं.

दाखलेकाका, वैधता आहे, नॉन-क्रीमी नवीन काढायचंय, उद्याच जाते. आणि ही शेवटची वेळ, हे आम्ही दोघींनी आत्ताच ठरवलंय. पुढच्या वर्षी मिळालेल्या मार्कांत जे येईल ते, बीएएमएस किंवा बीडीएस. नाहीतर बी.एस्सी. निकालानंतर रडत रडत ठरवायचं नाही.

मुखेडचा बाप:

हे मात्र मला नाही पटत ताई. आत्ताच दार कशाला लावून घेता? आमच्या धाकटीला दुसऱ्या वेळी सात मार्क कमी पडले होते. तेव्हा थांबलो असतो तर? नीटला वयाची वरची अट तर २०२२ ला काढूनच टाकलीय. पोरीची हिंमत असेल तर तिला अजून एक वर्ष द्या.

एकदा रिपीटर:

काका, मी दोन वर्षं रिपीट केलंय म्हणून सांगतो. दार उघडं असलं की पहिले चार महिने मन म्हणत राहतं, पुढच्या वर्षी आहेच की. मी दुसऱ्या वेळी स्वतःच बी.एस्सी.चा प्रवेश घेऊन ठेवला होता. त्यानंतर झोप लागायला लागली. पण हे मी ठरवलं होतं, बाबांनी नाही. काकू, तुमच्या मुलीने खरंच ठरवलंय, की तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणालीय?

गुरुजीण (धागाकर्ती):

हा प्रश्न मी तिला तसाच वाचून दाखवला. ती म्हणाली, मार्चपर्यंत विचार करून सांगते.

काल टेस्ट होती. ती आली, चप्पल काढली, मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. अर्ध्या तासाने स्वतःच येऊन म्हणाली, ‘फिजिक्सचे अकरा सोडले.’ मी विचारलं, आणि चुकले किती? ‘तीन,’ म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढून बसली.