मदत हवी आहे: रिमॉर्टगेज सॉलिसिटरकडे अडकलंय, फिक्स संपायला १२ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या घरकर्जाचा प्रश्न आहे, रिमॉर्टगेजचा, म्हणजे कर्ज एका बँकेतून दुसरीकडे हलवण्याचा. इथे यातून गेलेले बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेडिंगला आमचा दोन बेडरूमचा लीजहोल्ड (ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट आहे. २०२१ साली घेतला तेव्हा पाच वर्षांसाठी १.६९ टक्क्यांनी फिक्स (ठरलेला व्याजदर) मिळालं होतं. ते या ३० तारखेला संपतंय. कर्ज २ लाख १० हजार पौंड शिल्लक, मुदत अजून २५ वर्षं. आत्ता हप्ता ८५९ पौंड जातो. नव्या बँकेने ४.२ टक्क्यांची ऑफर दिलीय, म्हणजे ११३२ होईल. तेवढ्याची मनाची आणि खात्याची तयारी केली होती. पण ३० च्या आत कर्ज तिकडे गेलं नाही तर जुन्या बँकेचा स्टँडर्ड व्हेरिएबल रेट (एसव्हीआर, फिक्स संपल्यावरचा बदलता दर) लागणार, ७.४९ टक्के. हप्ता थेट १५५० च्या घरात. याच महिन्यात मुलाची नर्सरी सुरू झालीय, त्यामुळे मला रात्री झोप लागत नाहीये.

ऑफर येऊन नऊ आठवडे झाले. नव्या बँकेने ‘फ्री लीगल’ दिलं होतं, म्हणजे सॉलिसिटर (वकील) त्यांच्याच पॅनेलवरचा. फर्म मोठी आहे, दर वेळी फोनवर वेगळी व्यक्ती येते आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. दोन आठवडे नुसतं ‘मॅनेजिंग एजंटच्या उत्तराची वाट बघतोय’ असं ऐकलं. हा एजंट म्हणजे आमच्या इमारतीची व्यवस्था बघणारी कंपनी. शेवटी काल मीच एजंटच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, ‘त्यांची ईमेल आलीय, पण फी भरलेली नाही, त्यामुळे आम्ही फाइल उघडलेलीच नाही.’ सॉलिसिटर वाट बघतोय उत्तराची, एजंट वाट बघतोय पैशाची, आणि दोघांपैकी एकानेही मला कळवलं नाही. फोन ठेवल्यावर मला अक्षरशः रडू आलं.

दुसरा घोळ नावाचा. फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं, लँड रजिस्ट्रीत (मालकीच्या सरकारी नोंदीत) तेच आहे. नंतर पासपोर्ट नवा केला तेव्हा नवऱ्याचं नाव आणि आडनाव लागलं. आता त्यांना दोन्ही नावांना जोडणारा पुरावा हवाय. लग्नाचा दाखला आमच्या ग्रामपंचायतीचा, पूर्ण मराठीत. तो स्कॅन करून पाठवला तर सहाव्या दिवशी उत्तर आलं की प्रमाणित भाषांतर लागेल. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?

आणि ‘फ्री’ म्हणता म्हणता बिल बघा. लीजहोल्डचे जादा १८०, पैसे पाठवण्याचे ४२, दोघांच्या ओळख तपासणीचे २४, नावातल्या फरकाचे ७२. हे सॉलिसिटरचे. वर मॅनेजिंग एजंटचे दोन आकार: सर्टिफिकेटचे (लीजच्या अटी पाळल्याचा दाखला) १४४, नव्या बँकेची नोटीस नोंदवण्याचे ९०. एकूण ५५२ पौंड.

माझे प्रश्न:
हे पैसे घेण्याचा त्यांना हक्क आहे का?
३० तारीख हुकली तर फरक कोणाकडे मागायचा?
आणि सगळं सोडून जुन्याच बँकेचं नवं फिक्स घेऊन टाकू का? ते ४.४५ टक्के देतायत.

———

प्रतिसाद:

ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न, कारण घड्याळ तिथे चालू आहे. जुन्या बँकेकडून नवं फिक्स घेण्याला प्रॉडक्ट ट्रान्स्फर म्हणतात. रक्कम आणि मुदत तीच ठेवली तर त्यात सॉलिसिटर लागत नाही आणि बहुतेक बँका उत्पन्नाचे कागदही मागत नाहीत. ऑनलाइन अर्ध्या तासाचं काम आहे. आजच १ तारखेपासून सुरू होणारं बुक करून ठेवा. बऱ्याच बँका ते सुरू होण्याआधी रद्द करू देतात, पण ही अट फोन करून नक्की विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एकदा ते सुरू झालं की मुदतीआधी फेडण्याचा दंड लागू होतो. एक टक्का धरला तरी २१०० पौंड. मग नव्या बँकेचं नाव काढायचं नाही.

एसव्हीआरची धास्ती थोडी कमी व्हावी म्हणून हिशेब देतो. तुम्ही हप्त्यांतला फरक बघताय, खरा तोटा व्याजात आहे. २ लाख १० हजारांवर ७.४९ आणि ४.२ मधला फरक दिवसाला साधारण १९ पौंड. आठवडा गेला तर १३३. टोचतं, पण घर बुडत नाही. एसव्हीआरवर असताना सहसा दंड नसतो, कधीही निघता येतं. उलट ३० च्या आधी घाईघाईने कम्प्लिशन (नव्या बँकेच्या पैशाने जुनं कर्ज फेडणं) करू नका, जुन्या फिक्सचा दंड बसेल. तारीख १ किंवा त्यानंतरचीच मागा.

———

प्रतिसाद:

मी इथे कन्व्हेयन्सिंगच्या (घरांच्या कायदेशीर कागदपत्रांच्या) ऑफिसात काम करते, म्हणून बिलाबद्दल सांगते.

‘फ्री लीगल’मध्ये बँक साध्या कामाचे पैसे देते. लीजहोल्ड, नावातला फरक, मालकी हक्कात बदल हे त्यात नसतं. सुरुवातीला पाठवलेल्या पत्राच्या शेवटी जादा आकारांचा तक्ता असतो, तो काढून ओळ न् ओळ ताडून बघा. तक्त्यात नसलेल्या आकाराला लेखी हरकत घ्या. इंग्लंड-वेल्समधल्या सॉलिसिटर फर्मना २०१८ च्या डिसेंबरपासून रिमॉर्टगेजच्या किमती जाहीर कराव्या लागतात, त्यामुळे वेबसाइटवरचे आकडेही बघा.

एजंटचं सर्टिफिकेट टाळता येणार नाही. तुमच्या टायटल रजिस्टरमध्ये (फ्लॅटच्या मालकीच्या नोंदीत) बहुधा निर्बंध नोंदवलेला असेल की या सर्टिफिकेटशिवाय नवा चार्ज, म्हणजे बँकेचा बोजा, नोंदवायचा नाही. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून ७ पौंडांत रजिस्टरची प्रत मिळते, खात्री करून घ्या. फी तुम्ही थेट एजंटला भरू शकता का ते विचारा. पावती सॉलिसिटरला पाठवा, म्हणजे निदान तो एक दुवा तुमच्या हातात राहील.

नावाचं म्हणाल, तर लँड रजिस्ट्री नाव बदलायला फी घेत नाही. ७२ पौंड ही सॉलिसिटरची मजुरी आहे.

मॉर्टगेज डीड (गहाणखत) आलं असेल तर जपून. साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर सही करायची, आणि साक्षीदार नात्यातला नको. माझ्या टेबलावर दर आठवड्याला एखादं डीड परत जातं, कारण साक्षीदाराने सही केली पण पत्ता लिहिला नाही, किंवा दीर-जावेने सही केली.

तक्रार आधी फर्मकडेच लेखी करायची, विषयात ‘फॉर्मल कम्प्लेंट’ हे शब्द हवेत. त्यांना आठ आठवडे असतात. त्यानंतर लीगल ओम्बड्समन (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी संस्था), तिथे तुम्हाला फी नाही. मात्र पत्रात बघा, ते तुमच्यासाठी काम करतायत की फक्त बँकेसाठी. फक्त बँकेसाठी असतील तर बँकेकडेही तक्रार टाका, कारण त्यांना नेमलंय बँकेने.

———

धागाकर्ती:

तुमचे दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितेय, त्याबद्दल माफ करा.

त्याच संध्याकाळी प्रॉडक्ट ट्रान्स्फर बुक केलं. बँकेने ईमेलवर कळवलं की सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल. दुसऱ्या दिवशी एजंटची फी कार्डाने भरली, चार दिवसांत सर्टिफिकेट आलं. भाषांतर लंडनच्या एका भाषांतरकाराकडून करून घेतलं, त्यासाठी दाखल्यावरचा गोल शिक्का वाचून दाखवायला बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता.

डीडवर खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने साक्ष दिली. ती सही करून उठत होती, मी तिला परत बसवून पत्ता पोस्टकोडसकट लिहून घेतला.

२९ ला सकाळी फर्मने लेखी कळवलं की पैसे ९ तारखेला येतील. नवरा आणि मी दोन तास स्वयंपाकघरात बसून ठरवलं आणि ट्रान्स्फर रद्द केलं. ९ ला खरंच कम्प्लिशन झालं. आठ दिवस एसव्हीआर पडला, साधारण १५० पौंड गेले.

जादा आकारांचा तक्ता ताडला. १८०, ४२ आणि २४ त्यात होते. नावाचे ७२ नव्हते. हरकत घेतल्यावर ते परत आले. १५० पौंडांसाठी तक्रार टाकलीय, एजंटच्या त्या फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती ती जोडली. अजून उत्तर नाही, आठ आठवडे मोजतेय.

आता एक राहिलंय. ९० पौंडांची नोटीस एजंटला पोचल्याची पावती अजून सॉलिसिटरने पाठवलेली नाही. ती आपल्याकडे असायला हवी का, की ते नोंदणीबरोबर परस्पर होतं?

———

प्रतिसाद:

असायला हवी, मागून घ्या. फ्लॅट विकताना समोरचा सॉलिसिटर ती हमखास मागतो, आणि तोवर मॅनेजिंग एजंट बदललेला असतो. रजिस्टरवर नव्या बँकेचं नाव चढलं की त्याची प्रतही त्याच फाइलमध्ये लावा.