घरमालक मुंबईत, इकडे पंपाला कुलूप. मदत हवी आहे (तातडीची)

मुक्काम_पोस्ट
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो. आमचा घरमालक मुंबईला असतो, इकडे गणपतीत आणि शिमग्याला उगवतो. घराची कामं त्याला सांगून सांगून थकलो, करतो करतो म्हणतो आणि करत नाही, शेवटी मी भाडं द्यायचं बंद केलं. आता त्याच्या चुलतभावाने विहिरीवरच्या पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलंय आणि वर मालकाचा फोन, गणपतीला येतोय तोवर घर खाली करा नाहीतर सामान अंगणात काढेन. घरात आई आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला घेऊन या पावसात कुठे जाऊ? पोलिसात जाऊ की वकिलाकडे? कायदा भाडेकरूच्याच बाजूने असतो ना? लवकर सांगा.

खाजणातला_खेकडा
गाव कुठलं, ॲग्रीमेंट आहे का, भाडं किती आणि किती महिन्यांचं थकलंय? आणि 'कामं' म्हणजे काय, नळ टपकतोय की भिंत पडलीय? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

आंबा_काजू_फणस
मालक लोक एवढे घाबरतात त्याचं कारण कूळकायदा. तुम्ही इतकी वर्षं राहिलात तर कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज तहसीलदारांकडे टाका, मालक पळत येईल तडजोडीला. आमच्या आजोबांच्या वेळेला असंच झालेलं.

खाजणातला_खेकडा
अहो, तो 1948 चा कायदा शेतजमीन कसणाऱ्यासाठी आहे, घरात भाड्याने राहणाऱ्यासाठी नाही. आणि ते किती वर्षं राहतायत हे त्यांनी अजून सांगितलेलंच नाही.

मुक्काम_पोस्ट
दापोली तालुका. भाडं 6,500. मार्चपासून दिलेलं नाही. वानरांनी कौलं फोडली, माजघरात आणि पडवीत धो धो गळतं, स्विचबोर्डवरून ओघळ येतो, बोर्डाला हात लावला की झिणझिण्या. मे महिन्यात मीच माणूस लावून वासे रिपा बदलून कौलं परतून घेतली, 17,000 गेले. पडवी अजून गळतेच. माझे पैसे त्याच्याकडे अडकलेत आणि थकबाकीदार मी? आता सांगा.

गच्चीवरचा_गडी
वॉटरप्रूफिंगचं दोन कोटचं केमिकल येतं, आधी वायर ब्रशने शेवाळ काढायचं, मग प्रायमर, स्लॅब पूर्ण सुका पाहिजे. आमच्या बिल्डिंगला केलं, एक थेंब नाही.

सांडगी_मिरची
कौलारू घर आहे हो त्यांचं. स्लॅब कुठून आला.

कनिष्ठ_स्तर
मी वकील नाही, पण कोर्टात कारकुनी केलीय आणि असली प्रकरणं बरीच बघितलीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. दुरुस्ती मालकाने करायची. नाही केली तर भाडेकरूने लेखी नोटीस द्यायची, किमान 15 दिवस वाट बघायची, मग स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. तुमचं वर्षाचं भाडं 78,000, चौथा हिस्सा 19,500. म्हणजे 17,000 मर्यादेत बसतात. पण मार्च ते जुलै पाच महिने धरले तर थकले 32,500. उरलेले 15,500 कुठल्याही हिशोबाने तुमच्याकडून देणं निघतं. ते आधी द्या, बँकेतून द्या, आजच द्या. आणि लेखी नोटीस दिली होती का?

मुक्काम_पोस्ट
व्हॉट्सॲपवर फोटो टाकले होते, व्हिडिओपण. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पण मी 15,500 का देऊ, पडवीचं काम बाकी आहे की.

शिमग्याची_सोंगं
अजिबात देऊ नका एक रुपया. भाडं अडवलं की मालक वठणीवर येतो, दुसरी भाषा यांना कळत नाही. आम्ही चिपळूणला 2021 च्या पुरानंतर हेच केलं, घरात गाळ छातीएवढा आणि मालक फोनवर विचारतोय या महिन्याचं कधी टाकताय.

कनिष्ठ_स्तर
तुमचं निभावलं म्हणून दुसऱ्याला विहिरीत ढकलू नका. त्याच कायद्याचं कलम 15 असं आहे की जोवर भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही. थकबाकीसाठी काढायचं तर मालकाने आधी लेखी मागणी करायची, त्यानंतर 90 दिवस गेल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेलं भाडं, 15 टक्के सरळ व्याज आणि खर्च कोर्टात भरला तर घर खाली करायचा हुकूम होत नाही. म्हणजे 'गणपतीपर्यंत खाली करा' याला काडीचा अर्थ नाही, पण भाडं अडवून बसलात तर तुमचीच बाजू लंगडी होते. आणि पाणी तोडणं हा कलम 29 चा विषय, अत्यावश्यक सोय विनाकारण बंद करता येत नाही.

खाजणातला_खेकडा
साहेब, हे सगळं भाडेकरूला. यांचा कागद लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरू नाही, ठराविक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असेल तर कलम 14, 15 ची गाडी तिथेच अडते. त्यात मुदत संपून घर सोडलं नाही तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागता येते. शिवाय हा कायदा सरसकट सगळ्या गावांना नाही, परिशिष्टात दिलेल्या भागांना आहे. तुम्ही नगरपंचायतीच्या हद्दीत की बाहेर वाडीत? दुसऱ्यांदा विचारतोय, ॲग्रीमेंट आहे का??

मुक्काम_पोस्ट
हद्दीत. पहिल्या वर्षी 11 महिन्यांचा लीव्ह लायसन्स केला होता, रजिस्टर. नंतर मालक म्हणाला कशाला खर्च, राहा की. तेव्हापासून भाडं कॅश, चुलतभावाच्या हातात. पावती वगैरे आमच्याकडे कोण देतं.

कनिष्ठ_स्तर
म्हणजे मुदत संपल्यावरही तो भाडं घेत राहिला. मग तुम्ही लायसन्सी की भाडेकरू यावरच दोन वकील वर्षभर भांडतील. रजिस्टर करारनामा करणं ही कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. पावती देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे, कलम 26. तो मुद्दा वकिलाला सांगा.

माहेर_मुरुड
चुलतभाऊ कोण पण? घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावावर आहे ते काढा नगरपंचायतीतून. आमच्याकडे एका घराला अकरा वारस, भाडं एकजण खायचा आणि खाली करा म्हणायला दुसरा यायचा. तिसरा म्हणायचा मला काहीच कल्पना नाही.

सांडगी_मिरची
+1. आणि भाडं मनीऑर्डरने पाठवायचं, नाकारलं तर शेरा लिहून परत येतं, तोच पुरावा. नोटीस रजिस्टर एडीने.

गच्चीवरचा_गडी
रजिस्टर पोस्ट बंद झालं की, 2025 मध्ये स्पीड पोस्टात घातलं. खर्च वाढला उगाच. पूर्वी आमच्या पोस्टमनला सगळी वाडी पाठ होती.

सांडगी_मिरची
मग स्पीड पोस्टने पाठवा, पोच मागून घ्या. मुद्दा कळला ना.

तळाशीलचो
अरे बाबा आदी बोर्डाचा मेन स्विच बंद कर आणि वायरमनाक बोलव. म्हातारी माणूस घरात आसा. कोर्ट कचेरी मगे बग.

मुक्काम_पोस्ट
वायरमनला फोन केलाय, येतो म्हणालाय. पाण्याचं काय? शेजारून कळशीने आणतोय. आणि वकिलाची फी कुठून आणू, पैसे असते तर भाडं नसतं का भरलं. ॲग्रीमेंट आईच्या नावावर आहे पण तो विषय वेगळा.

कनिष्ठ_स्तर
वेगळा कसा? तोच विषय आहे! नोटीस आईच्या सहीने जाणार, भाडं आईच्या नावाने जाणार. आणि विधी सेवा कायदा 1987 प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दापोली कोर्टातच तालुका विधी सेवा समितीकडे आईचा अर्ज द्या. पंपासाठी पोलिसात लेखी तक्रार, पोच घेऊन, कुलपाचा फोटो जोडून. ते म्हणतील दिवाणी बाब आहे, म्हणू देत, पोच हातात पाहिजे. खरोखरच सामान बाहेर काढलंन तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट 1963 चं कलम 6, सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर ताबा परत मागता येतो. डिपॉझिट किती दिलंय?

मुक्काम_पोस्ट
30,000. सोमवारी आईला रिक्षाने घेऊन कोर्टात जातो. 15,500 कुणाच्या खात्यात टाकू, मालकाच्या की चुलतभावाच्या?

माहेर_मुरुड
ॲग्रीमेंटवर सही कोणाची आहे? त्याच्याच. चुलतभावाला आता दमडी देऊ नका.

शिमग्याची_सोंगं
मी अजूनही म्हणतो, देऊ नका.

नारळी_पौर्णिमा
चांगला धागा आहे, वाचतेय. माझाही असाच प्रॉब्लेम आहे, फक्त मी मालकीण आहे. गुहागरला सासऱ्यांचं घर दिलंय, भाडेकरू वर्षभर भाडं देत नाही आणि आता म्हणतो कौलं मी परतली. नक्की परतली की नाही ते इथे ठाण्यात बसून कसं कळणार?

खाजणातला_खेकडा
ताई, नवीन धागा काढा. आणि त्यात ॲग्रीमेंट आहे का ते पहिल्याच ओळीत लिहा.