बडोद्याचा जुना बँड: विकिपीडियावर लेख टिकेल का?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. नव्वदीच्या सुरुवातीचा बडोद्याचा एक बँड आहे, मराठी आणि गुजराती दोन्ही गाणी करणारा. त्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख करावा की नाही, हे लिहायला बसण्याआधीच ठरवायचंय. हाताशी आहे ते असं: स्वखर्चानं काढलेली एक कॅसेट, आकाशवाणीच्या बडोदा केंद्रावर झालेलं ध्वनिमुद्रण, यूट्यूबवर तीन गाणी आणि गुजराती वर्तमानपत्रांतली चार कात्रणं. पहिलं गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचं, दुसरं कॅसेट प्रकाशनाचं, तिसरी अर्ध्या पानाची मुलाखत, चौथं कार्यक्रमाचं परीक्षण. बँडमधल्या बेस गिटारवाल्यानं पुढे चित्रपटांना संगीत दिलं, त्याच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे. एवढ्यावर भागेल?

सुरसागर
बँड किती चांगला वाजवायचा, हे इथे मोजत नाहीत. बँडशी देणंघेणं नसलेल्या माणसांनी त्याच्याविषयी सविस्तर लिहून ते विश्वासार्ह ठिकाणी छापलंय का, एवढंच बघतात. गुजराती मजकूर असला तरी हरकत नाही, भाषेची अट नाही. आंतरजालावर नसला तरी चालतो.

आता कात्रणं एकेक घ्या. गणेशोत्सवाच्या बातमीत मंडळाचं नाव, वेळ आणि 'अमुक बँडचा कार्यक्रम रंगला' एवढंच असेल, तर ती बाद. तो नुसता उल्लेख झाला. प्रकाशनाच्या बातमीचा शेवट बघा. तिथे कॅसेट कुठे मिळेल, किंमत किती, संपर्क कुणाशी, असं असेल तर मजकूर बँडनंच पुरवलेला असण्याची शक्यता दाट. तीच वाक्यं त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्तमानपत्रात सापडली तर शंकाच नको. मुलाखतीत प्रश्नोत्तरं सोडून बाकी काय उरतं ते मोजा. बँड स्वतःविषयी जे बोलतो ते स्वतंत्र धरत नाहीत. पण वार्ताहरानं सुरुवातीला स्वतःच्या शब्दांत दोन-तीन परिच्छेद लिहिले असतील, तर तेवढा भाग जमेस धरता येतो.

परीक्षण मात्र खरं सोनं. लिहिणाऱ्याचं नाव, गाण्यांवर मत, खटकलेल्या गोष्टी, हे सगळं त्यात असतं. म्हणजे आज तुमच्याकडे एक भक्कम स्रोत आणि फार तर एक अर्धा आहे. असा आणखी एक भक्कम, शक्यतो दुसऱ्या प्रकाशनातला, मिळेपर्यंत थांबा. लेख वगळावा का, या चर्चेत लोक सहसा तीन उत्तम स्रोत मागतात. पंचवीस दुबळे दुवे जोडले तर उलट संशय वाढतो.

कॅसेटचं इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, गाण्यांची नावं, वादक, साल यांपुरतं वापरा. उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे लेखाला पात्र ठरण्यासाठी, त्याचा उपयोग शून्य. यूट्यूबचंही तेच.

खंडेराव_मार्केट
बेस गिटारवाल्याचा मोठेपणा बँडला आपोआप मिळत नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या संगीतविषयक निकषांत एक असा आहे की बँडमधले किमान दोन जण स्वतंत्रपणे उल्लेखनीय असावेत. तुमच्याकडे एकच आहे. तेव्हा त्याच्या लेखात बँडवर एक परिच्छेद घाला आणि बँडच्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे करा, म्हणजे ते नाव शोधणारा थेट त्या लेखावर जाईल. पुढे स्रोत मिळाले तर त्याच पानाचा पूर्ण लेख करता येतो.

आकाशवाणीचंही बारकाईनं बघा. निकष राष्ट्रीय प्रसारणातल्या भरीव भागाचा आहे, आणि तो भाग बँडवरच हवा. स्थानिक केंद्रावर दोन गाणी लागली, यानं तो पुरा होत नाही.

मांडवी
दुसरं परीक्षण शोधायचं तर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या अंकांच्या फायली कुठल्या सालापर्यंत बघायला मिळतात ते आधी विचारा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी बातमी येते. परीक्षण बरेचदा दोन-चार दिवसांनी, नाहीतर रविवारच्या पुरवणीत. म्हणून तारखेच्या पुढचे दहा दिवस चाळा. नवरात्राच्या सुमारास पानं गरब्यानं भरलेली असतात, तिथे फार वेळ घालवू नका. बँडचं नाव गुजरातीत दोन-तीन तऱ्हांनी छापलेलं असू शकतं, तेव्हा सभासदांच्या आडनावांवरही नजर ठेवा.

फोटो काढताना आधी अख्खं पान, मग मजकूर. वरची तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांकाची ओळ चौकटीत आलीच पाहिजे. नुसतं कापलेलं कात्रण असलं की तारीख सिद्ध करता येत नाही आणि चर्चेत तिथेच घोडं अडतं. संदर्भात मूळ गुजराती मथळा, त्याचं भाषांतर आणि निर्णायक दोन वाक्यं उद्धृत करा, म्हणजे गुजराती न येणाऱ्यालाही पडताळा घेता येईल. कात्रणाचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवू नका, त्या काळच्या मजकुराचा प्रताधिकार अजून शिल्लक आहे.

बँड १९९३ नंतरही वाजवत असेल तर रॉक स्ट्रीट जर्नलचे जुने अंक बघाच. ते त्या वर्षी अलाहाबादहून सुरू झालं आणि त्या काळच्या भारतीय बँडविषयी छापील मजकूर मिळण्याची ती मोठी जागा आहे. मात्र मजकूर त्यांनीच भरवलेल्या कार्यक्रमाचा असेल तर तो स्वतंत्र धरतील की नाही, यावर वाद होऊ शकतो.

दांडियाबाजार
परीक्षण पुन्हा वाचलं. लेखकाचं नाव आहे, आणि 'दुसऱ्या भागात ढोलकीखाली शब्द बुडाले' अशी टीकाही आहे. दुसरं मिळालं तर थेट पान करू की मसुदा?

सुरसागर
मसुदाच, म्हणजे आधी वेगळ्या जागी लिहून तपासायला देणं. इंग्रजीत थेट पान करायला खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली लागतात, पण बँडच्या बाबतीत हक्क असूनही मसुद्यानं जाणं बरं. महत्त्वाचा कुठलाच दावा न दिसणारं बँडचं पान चर्चेविना, झटपट वगळता येतं. एरवी वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते. मसुद्याला सहा महिने कुणी हात लावला नाही तर तोही जातो. 'सुप्रसिद्ध', 'लोकप्रिय' असले शब्द काढा. परीक्षकानं म्हटलं असेल तर त्याच्या नावानिशी लिहा. ढोलकीची टीकाही घ्या, तिच्यामुळे लेख जाहिरातीसारखा वाटत नाही. बँडमधलं कुणी नात्यातलं किंवा मैत्रीतलं असेल तर चर्चापानावर आधीच जाहीर करा.

इंग्रजीत नाही जमलं म्हणून मराठी विकिपीडियावर तेच टाकू, असं मात्र करू नका. तिथले नियम तिथले, पण स्रोत दुबळे असतील तर तिथेही दुबळेच.

खंडेराव_मार्केट
स्रोत मिळेपर्यंत कॅसेटची नोंद म्युझिकब्रेन्झ आणि डिस्कॉग्ज या ध्वनिमुद्रणांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर करून ठेवा, तिथे प्रसिद्धीची अट नाही. इनले कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, अ आणि ब बाजूंची गाणी छापलेल्या क्रमानं द्या, कालावधी छापलेला नसेल तर कॅसेट वाजवून मोजा. गाणी कुठेही चढवायची असतील तर आधी सगळ्या हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. गीतकार बँडबाहेरचा असेल तर त्याचीसुद्धा.