जुनी फायबर बोट घेतोय. ट्रान्सम आतून कुजलाय का, कसं ओळखू?

कर्लीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं घर देवबागला, कर्लीच्या बाजूला. खाडीत गळ टाकायला आणि पलीकडे जायला-यायला एक जुनी बोट बघून ठेवलीय. 18 फुटी फायबर, 2011 ची, मागे 40 एचपीचं टू-स्ट्रोक यामाहा. इंजिनासकट दोन लाख सांगतोय. पावसाळी मासेमारीबंदी लागल्यापासून ती माडाच्या झापांखाली उभी आहे, त्यामुळे पाण्यात घालून बघता येत नाही.

इंजिन दाखवायला माझ्याकडे माणूस आहे. धाकधूक आहे ती ट्रान्समची, म्हणजे इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या फळीची. इंजिनाच्या ब्रॅकेटच्या खाली जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, केसासारख्या दोन चिरा दिसल्या. आतून निळा रंग ताजा मारलाय. चुलतभाऊ म्हणतो, "फायबर कधी कुजतं काय रे?" पण मन घेत नाहीये.

साचेवाला
चुलतभाऊ अर्धा बरोबर आहे. फायबर कुजत नाही, पण ट्रान्सम नुसत्या फायबरचा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक बोटींत आत प्लायवूड असतं, साधारण 18 मिमीच्या दोन फळ्या चिकटवून, आणि दोन्हीकडून फायबरचं कातडं. चांगला कारखानदार आयएस 710 चं मरीन प्लाय घालतो. मी देवगडात वीसेक वर्षं हेच काम करतोय. एका बोटीच्या ट्रान्सममधून जुन्या दाराचे तुकडे काढलेत, बिजागरीच्या खाचेसकट.

या प्लायमध्ये पाणी शिरतं ते भोकांतून. इंजिनाचे बोल्ट, बोटीतलं पाणी काढायच्या बुचाचं भोक, फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) लावायला मारलेले स्क्रू. आणि खारं पाणी तेवढं वाईट नाही, लाकूड कुजवतं ते गोडं पाणी. म्हणून आधी हे बघा की बोट पावसात कशी ठेवलीय. बूच काढलेलं आणि नाळ (पुढचं टोक) उंच असेल तर मालक जाणकार. बूच लावलेलं आणि मागे पावसाचं पाणी साचलेलं असेल, तर गेले कित्येक पावसाळे ते तसंच साचत असणार.

मग बुचाच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून कड हलकेच खरवडा. भोकाला आतून नळी बसवलेली नसेल तर प्लायची कड तिथे उघडी सापडते. कडक लागलं तर ठीक. काळे धागे निघाले, वास आला, की समजून जा.

दुसरं, इंजिन अर्धं वर उचलून लॉक करा. एकाला त्याचा पंख्याकडचा भाग धरून वर-खाली दाबायला सांगा. या इंजिनाचं वजन सत्तरेक किलो, वर माणसाचा जोर. तुम्ही तेवढ्यात त्या चिरेवर बोट ठेवा (बोटीवर बोट, हो). चीर उघडमीट होत असेल तर ती जेलकोटपुरती नाही. ट्रान्सम जिथे बाजूच्या भिंतींना मिळतो ते दोन्ही वरचे कोपरेही बघा. चिरा आधी तिथे येतात.

तिसरं, ठोकून बघणं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करा. चांगलं असेल तिथे टणक आवाज येतो, कुजलेलं भद्द वाजतं. पण आत आधाराची पट्टी असली तरी आवाज बदलतो, तेव्हा डावी-उजवी बाजू एकाच उंचीवर ताडून बघा. ओलावा मोजायचं यंत्र कोणी आणलं तर सध्या राहू द्या. या हवेत ते कोरड्या बोटीलाही ओली म्हणेल.

एवढ्यावर शंका राहिलीच तर मालकाला विचारून आतल्या बाजूने, खाली, 4 मिमीचं भोक मारा. ड्रिलला खोलीची टेप गुंडाळा म्हणजे बाहेरचं कातडं फुटणार नाही. फिकट कोरडा भुसा आला तर बोट घ्या. चहाच्या चोथ्यासारखा आला तर आत काही उरलं नाही. भोक लगेच इपॉक्सीने बुजवायचं.

रापणीचो पोर
मेल्या, नवो रंग बघून भुलू नको! सगळी बोट जुनी आणि इंजिनाच्या पाठीमागेच रंग कशाक?

आमच्या काकांची गोष्ट. बारीवर, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, लाट बसली, इंजिन मागे झुकलं आणि ट्रान्सम वरच्या कोपऱ्यातून फाटला. इंजिनाला साखळी होती म्हणून तळाला गेलं नाही. काका वल्हवत आले ते अजून ऐकवतात, दरवेळी अंतर वाढतं.

कर्लीकाठ
रविवारी जाऊन आलो. बूच काढलेलं होतं, कड कडक. इंजिन दाबल्यावर एक चीर हलली नाही, उजवीकडची किंचित हलली. तिथेच खाली वीतभर जागा भद्द वाजते. मालकाने कुरकुर न करता भोकं मारू दिली. डावीकडे फिकट भुसा, उजवीकडे काळपट आणि ओला. मग म्हणाला, पूर्वी त्या बाजूला फिश फाइंडर होता, काढून वर पुट्टी भरली. आता एक साठ म्हणतोय. घेऊ का?

साचेवाला
भोकं मारू देणारा मालक बरा. पण "वीतभर" हे बाहेरून. उघडल्यावर ते नेहमी मोठं निघतं, मी अर्धा ट्रान्सम धरून चालेन.

काम आतून करायचं. आतलं कातडं कापायचं, चांगलं लाकूड लागेपर्यंत प्लाय काढायचं, नवीन बसवायचं, आणि वरचे थर बाजूच्या भिंतींवर चांगले वीतभर चढवायचे. जुनं फायबर घासून खरखरीत केल्याशिवाय नवं धरत नाही. इपॉक्सी वापरणार असाल तर नेहमीची चॉप मॅट (तुटक धाग्यांची फायबरची चटई) घेऊ नका, ती पॉलिएस्टर रेझिनसाठी असते. विणलेलं कापड घ्या. पुट्टी भरून वर रंग, हे कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि हे पावसात करू नका. दसऱ्यानंतर, उघडून आठ-पंधरा दिवस वाळू द्या. म्हणजे यंदाची नारळी पौर्णिमा तुमची किनाऱ्यावरच जाणार. तेही भावात धरा आणि एक तीसच्या वर जाऊ नका.

कर्लीकाठ
एक पस्तीसला ठरलं. मालकाने झापं फुकट दिली.