इस्फहानच्या टॅक्सीवाल्याने "पैसे नकोत" म्हटलं, आणि मी खरंच उतरून गेलो

सातारकर_भटक्या:
२०१८ साली बारा दिवस इराणला जाऊन आलो. इस्फहानला नक्श-ए-जहान चौकाजवळून टॅक्सी केली. हॉटेलपाशी "किती झाले?" विचारलं, तर चालकाने छातीवर हात ठेवून म्हटलं, "काबेली नदारे." तुमच्यापुढे याची काय मातब्बरी, अशा अर्थाचं. मी दोनदा आभार मानले आणि उतरलो. काय देवमाणूस आहे, वगैरे मनात.

काउंटरवरच्या पोराने कपाळावर हात मारला. याला तारोफ म्हणतात म्हणे. त्याने नको म्हणायचं, आपण दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो घेणार. थोडक्यात, मी त्या माणसाचं भाडं बुडवून आलो होतो.

रात्री आजी आठवली. डब्यात शेवटची पोळी असताना "अजून एक वाढू ना?" विचारणारी आजी, आणि ताटावर आडवा हात धरून "छे छे, पोट फुटेल" म्हणणारा अर्धपोटी पाहुणा. तिथे एखादा इराणी बसला असता तर त्याला खेळ लगेच कळला असता. तोवर माझी समजूत होती की आपण सरळ बोलणारी माणसं. घरी बसून ती गेली नसती. माझं मत : युरोपची पॅकेज टूर राहू द्या, एकदा तरी अगदी परक्या मुलुखात जा.

शंकेखोर:
बारा दिवसांत दृष्टिकोन बदलत नाही हो, प्रोफाइलचा फोटो बदलतो. माझा चुलतभाऊ १९ वर्षं मस्कतला आहे. एका खोलीत आठ जण, सगळे खेड-चिपळूणचे. जेवण आपलं, भांडणं गावच्या बांधाची. इतक्या वर्षांत एकाही ओमानी घरात त्याने चहा घेतलेला नाही. परका मुलूख त्याच्याइतका कुणी पाहिलाय? तुमच्याकडे परतीचं तिकीट होतं म्हणून तुम्हाला त्या रात्री आजी आठवली. त्याला हप्ता आठवतो.

लेखणीबहाद्दर:
मुळात "अगदी परका" हेच पटत नाही. दुकान, बाजार, किंमत, हिशेब हे शब्द तिथल्या माणसापुढे म्हणून बघा, मान डोलावेल. फारसी आपल्याकडे इतकी मुरली होती की शिवाजी महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. आणि मुंबई-पुण्यात ज्या इराण्यांकडे आपण बनमस्का खातो, त्यांच्यापैकी कित्येकांची मुळं इराणातल्या यझ्द शहराची. भटक्यासाहेब शेजारी जाऊन आलेत.

(शंकेखोर यांच्या चुलतभावाचा मुद्दा मात्र बिनतोड.)

गौरी_ठाणे:
सगळे पुरुष बोलून झाले का? त्या वर्षी परदेशी बाईलासुद्धा डोकं झाकणं तिथे कायद्याने सक्तीचं होतं. २०२२ मध्ये महसा अमिनीला हिजाबवरूनच पकडलं आणि कोठडीत असतानाच ती गेली, हे विसरलात? आदरातिथ्याच्या गोष्टी गोड असतात, पण त्या कुणाला बघायला मिळतात तेही बघा. माझाही दृष्टिकोन प्रवासाने बदलला. आधी मी "प्रत्येकाची आपापली संस्कृती" म्हणायची. आता नाही म्हणत.

सातारकर_भटक्या:
गौरीताई, बायको बरोबर होती. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुला टॅक्सी आठवते, मला सेफ्टी पिना." रुमाल घसरू नये म्हणून रोज सकाळी चार पिना लावायची. मी बारा दिवसांत एकदाही त्या मोजल्या नव्हत्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

लेखणीबहाद्दर, शब्द ओळखीचे निघाले म्हणूनच फसलो ना! काबेली म्हणजे आपल्या "काबील"चाच भाऊबंद. शब्द कळला, रीत नाही कळली.

शंकेखोर, परतीच्या तिकिटाचं मान्य. पण भाऊ बदलला नाही हे ठरवलं कुणी? त्याला विचारलंत?

शंकेखोर:
नाही विचारलं. गणपतीला येतो तेव्हा विचारतो. तुम्ही आधी सांगा, त्या टॅक्सीवाल्याला पैसे पोचवलेत का?

सातारकर_भटक्या:
दुसऱ्या दिवशी त्याच जागी तासभर उभा होतो. पांढरी प्राइड गाडी होती एवढंच लक्षात होतं. समोरून दर मिनिटाला तसल्या चार जात होत्या.