जरबेरा पावसाळ्यात का कुजतो

पाणी जास्त झालं की जरबेरा हे फुलझाड कुजतं असं बरेच जण सांगतात, ते खरं आहे पण अर्धंच. माझी ३ रोपं गच्चीत पत्र्याखाली होती, पावसाचा थेंबसुद्धा लागत नव्हता तरी गेली, कारण मी ती खोल लावली होती. जरबेऱ्याला उभं खोड नसतं, सगळी पानं जिथून फुटतात तो मधला क्राउन मातीच्या १-२ सेंटीमीटर वर उघडा राहायलाच हवा. तो बुजला की तिथे ओल धरते, बुरशी लागते, आणि मग वरून हिरवंगार दिसणारं पान जरा ओढलं तरी अलगद हातात येतं, बुडाशी तपकिरी आणि बुळबुळीत. म्हणून कुंडी बदलताना माती थोडी बसणार हे धरून रोप मुद्दाम उंचच ठेवा.

अजून एक, फूल कात्रीने कापू नका प्लीज! दांडा बुडाशी धरून जरासा पिरगाळून ओढायचा, पॉलीहाऊसवाले पण असंच काढतात, कारण कापल्यावर उरलेला खुंट सडतो आणि ती सड क्राउनमध्ये उतरते. आणि हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातलं, तिकडेही पाऊस गरम महिन्यांतच पडतो, त्यामुळे पावसाशी त्याचं वैर अजिबात नाही, फक्त पाणी झरझर निघून गेलं पाहिजे. मुळं खोल जातात, तेव्हा पसरट कुंडीपेक्षा उभी १० इंची घ्या.