इलेक्ट्रॉनिक्सच्या वह्या किती कराव्यात?

ड्रायसोल्डर

भाचीला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलाय. आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर एलईडी लुकलुकवून झाली, आता रोज नवा प्रश्न. म्हणून मी तिला चार वह्या करून दिल्या: ॲनालॉग, डिजिटल, मायक्रोकंट्रोलर, रेडिओ. एक विषय धरायचा, तो हाताखालून गेला की पुढचा. यावरून घरात दोन मामांची जुंपली. धाकट्याचं म्हणणं, "वह्या ठेव बाजूला, तिला सर्किटं जोडू दे."

मला ते पटत नाही, कारण मी तसाच शिकलो. छापील आकृती समोर ठेवायची, जोडायचं, चाललं तर चाललं. दहा वर्षं सोल्डरचा धूर खाल्ला आणि ट्रान्झिस्टरला बायस, म्हणजे त्याला कामाच्या स्थितीत ठेवणारं व्होल्टेज, कशाला द्यायचा ते विचारलं असतं तर तोंडात मारल्यासारखा गप्प बसलो असतो. कप्पे असते तर कुठला रिकामा आहे ते तरी दिसलं असतं. जाणकारांनी मत द्यावं.

जुनारेडिओ

सोपा प्रश्न. ५५५ टायमर, म्हणजे वेळ मोजून देणारी छोटी चिप (आयसी), कुठल्या वहीत?

हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये तो आखला, १९७२ मध्ये सिग्नेटिक्सने बाजारात आणला. आत तीन सारखे रेझिस्टर, ते पुरवठ्याचे तीन भाग पाडतात. एका-तृतीयांशावर एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) नजर ठेवतो, दोन-तृतीयांशावर दुसरा, आणि दोघं मिळून एक फ्लिपफ्लॉप (चालू की बंद एवढंच लक्षात ठेवणारा भाग) उलटसुलट करतात. कंपॅरेटर तुमच्या पहिल्या वहीत, फ्लिपफ्लॉप दुसऱ्या. आता आयसी मधोमध कापणार का?

ड्रायसोल्डर

एका आयसीवरून सगळी मांडणी मोडीत काढायची म्हणजे फारच झालं. ५५५ पहिल्या वहीत शेवटी येईल. झालं.

पुलअप

माझं सांगतो, मग ठरवा. कुंडीला पाणी घालायचा छोटा पंप, त्याला रिले (विजेने चालणारा स्विच), मागे आर्डुइनो. पंपाची वायर काढली की सगळं सुरळीत. पंप जोडला की तो जेमतेम हुंकार देतो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू. तीन संध्याकाळी मी कोड उसवत बसलो. प्रत्येक ओळीनंतर सीरियलवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, काहीतरी छापायचं, कुठे अडतंय बघायचं. अडायचं मात्र दरवेळी पंप लागतो त्याच क्षणी.

मल्टीमीटर लावला तर ४.९ व्होल्ट, ठणठणीत. म्हणून पुरवठ्यावर संशयच आला नाही. चौथ्या दिवशी मित्राचा स्कोप (व्होल्टेजचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणारं यंत्र) आणला तेव्हा व्होल्टेजमधला खड्डा दिसला. मोटर उभी असताना सुटायला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो ओढला मी त्याच ॲडाप्टरमधून, त्याच बारीक जंपर वायरीतून. काही मिलिसेकंद व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं आणि आर्डुइनो ऊनोचा ब्राउनआउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज पडलं की बोर्ड रीसेट करणारा भाग, त्याचं काम करून मोकळा झाला. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्याला एवढासा खड्डा कुठला दिसायला! मोटरला वेगळा पुरवठा दिला, ग्राउंड एका जागी जोडला, मोटरवर उलटा डायोड टाकला. कोडची एक ओळही बदलली नाही.

मी हे बेधडक मायक्रोकंट्रोलरच्या वहीत लिहिलं असतं, आणि उत्तर तिथे नव्हतंच. खरं तर तुमच्या चारपैकी कुठल्याच वहीत नाही. पॉवर सप्लायची वही विसरलात की!

ड्रायसोल्डर

हे मात्र लागलं. विसरलो खरा.

पायरीपायरीने

धागाकर्त्याच्या बाजूने. पुलअप, तुमच्या गोष्टीचा अर्थ मी उलटा लावतो. स्कोपवर खड्डा दिसल्यावर तुम्हाला तो ओळखू आला, कारण मोटर सुटताना करंट ओढते हे तुम्ही कधीतरी नीट बसून शिकला होता. ज्याने फक्त प्रकल्प जोडले त्याला तोच खड्डा दिसला असता आणि त्याने प्रोब नीट बसला नसेल म्हणून सोडून दिला असता.

दुसरं, रेडिओ. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जोडायच्या पाटीच्या, शेजारशेजारच्या पट्ट्यांत काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. एलईडीवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी तीन मीटर, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. तिथे वायर म्हणजे नुसती वायर राहत नाही, तिची लांबी हाही एक घटक होतो. ही नजर वेगळी आहे आणि ती वेगळीच कमवावी लागते. सगळं एकदम शिकणाऱ्याचा हात कशातच बसत नाही.

जुनारेडिओ

ती नजर रेडिओपुरती नसते हो. आयटूसीचा (दोन वायरींवर बोलणारा) सेन्सर वीतभर वायरीवर सापडतो आणि मीटरभर वायरीवर गायब होतो. लोक लायब्ररी बदलत बसतात. होतं काय, की बाहेरचे पुलअप, म्हणजे सिग्नल वर ओढून धरणारे रेझिस्टर, लावलेले नसतात आणि आतले २० ते ५० किलोओहमचे असतात. लांब वायरीचा कपॅसिटन्स त्यातून भरायला वेळ लागतो. १०० किलोहर्ट्झला सिग्नल एका मायक्रोसेकंदात वर यावा असा नियम, हा तीन घेतो. ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर टाका, सेन्सर हजर. म्हणजे डिजिटल वहीतल्या प्रश्नाला कपॅसिटर भरण्याचं, पहिल्या वहीतलं उत्तर.

आणि वह्यांना माझा विरोध नाही. बिघाड झाल्याक्षणी तो कुठल्या वहीतला ते ठरवायला लावण्याला आहे. शिकाऊ माणसाला नेमकं तेच ठाऊक नसतं.

फ्यूजउडाला

तुमचा काथ्याकूट चालू द्या. माझ्या मते कप्पा एकच पाडावा, आणि त्याला कुलूप घालावं. मेन्स, म्हणजे भिंतीतली घरची वीज.

स्विचिंग पुरवठ्याच्या आतला मोठा कपॅसिटर २३० व्होल्टवर सुमारे ३२५ पर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे ट्रान्सफॉर्मर गाळून कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणारी सर्किटं. दोन टोकांत मीटर लावला तर पाच व्होल्ट. जमिनीच्या हिशेबाने मात्र अख्खं सर्किट मेन्सवर असू शकतं. "पाचच व्होल्ट तर आहेत" म्हणून बोट लावणारा माणूस ॲनालॉगमध्ये हुशार आहे की डिजिटलमध्ये, याने काही फरक पडत नाही. स्कोपची अर्थ क्लिप तिथे लावलीत तर स्कोपही गेला. एकट्या भाचीच्या हातात हे देऊ नका, बाकी वह्या दोन करा नाहीतर वीस.

पायरीपायरीने

यावर दुमत नाही.

ड्रायसोल्डर

मेन्सचं मान्य. तो विषय सध्या घरातच आणणार नाही. पॉवर सप्लायची पाचवी वही काल करून दिली. धाकटा हसला, हसू दे. चार आठवड्यांनी ट्रान्झिस्टर तिला कोण समजावून सांगतो ते बघू.

एक मात्र कळवतो. रेडिओची वही कोरीच होती, ती भाचीने उलटी धरून मागून लिहायला घेतलीय, मला न विचारता. पहिली नोंद: "बटण एकदा दाबलं, मोजणी तीन." खाली कारणासाठी चार ओळी मोकळ्या सोडल्यात.

पायरीपायरीने

बटण बाउन्स होतंय, म्हणजे एका दाबात संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. त्या चार ओळी भरायला डिजिटलचीच वही उघडावी लागणार :) रेझिस्टर-कपॅसिटर आणि पुढे श्मिट ट्रिगर (डगमगता सिग्नल स्वच्छ करणारी चिप), ७४एचसी१४.

पुलअप

कशाला? कोडमध्ये वीस मिलिसेकंद थांब म्हणावं. मायक्रोकंट्रोलरची वही.

जुनारेडिओ

आणि मुळात आतलं धातूचं पातं आपटून उसळतं, ते कुठल्या वहीत?

ड्रायसोल्डर

तिला अजून काही सांगितलेलं नाही. एक जुनं बटण आणि स्क्रूड्रायव्हर हातात दिलाय.